पाव मैलाची जमीन

ठाणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें आतां एकमेकांस इतकीं चिकटलीं आहेत कीं, एकाची हद्द कोठें संपते आणि दुसऱ्याची कोठें सुरू होते, हें आगगाडीच्या फलाटावरील पाटी वाचल्याखेरीज कळत नाहीं. शर्यतीची आवड मात्र या टापूंत शहरांहून जुनी आहे. भाताचीं खाचरें मोकळीं झालीं म्हणजे आसपासच्या खेड्यांत बैलगाड्यांची बिनजोड शर्यत लागते. बिनजोड म्हणजे दोन छकडे, दोन बैलजोड्या, सरळ पट्टी आणि एकच निकाल. तींत वळण नाहीं, फेरा नाहीं, तिसरा गडी नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ही शर्यत बंद केली, २०२१ च्या डिसेंबरांत अटी घालून पुन्हां मोकळी केली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें महाराष्ट्राचा तद्विषयक कायदा ग्राह्य ठरविला. ज्यानें बिनजोड पाहिली आहे त्यास अमेरिकेंतील 'ड्रॅग रेस' निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. बैलांच्या जागीं मोटारी घ्याव्या, पट्टी मोजून पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची आंखावी, आणि पंचाच्या डोळ्यांऐवजीं विजेचें घड्याळ ठेवावें, कीं झाली ड्रॅग रेस.

हा विषय आमच्यापुढें आला तो एका विद्यार्थ्यामुळें. गेल्या पावसाळ्यांत तो कुबडी घेऊन आमच्या खोलींत आला. बदलापुराबाहेरच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर मध्यरात्रीं दोन मोटारींची शर्यत लागली होती, आणि त्यांपैकीं एकींत हा बसला होता. पाय वांचला, वर्ष बुडालें. आम्हीं मनांत चार उपदेशाचे शब्द जुळवून ठेवले होते, परंतु तो खुर्चीवर टेकतांच म्हणाला, "सर, टर्बोची गाडी खरोखरच पुढें जाते का हो? आमची एन. ए. होती." त्याच्या मुद्रेवर पश्चात्ताप नव्हता, जिज्ञासा होती. आम्ही इतिहासाचे शिक्षक. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि जिज्ञासेस उपदेशानें उत्तर देणें हें शिक्षकास शोभत नाहीं, असें वाटून आम्हीं चार महिने या विषयाचें वाचन केलें. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम या दोन शब्दांचा अर्थ पाहूं. इंजिन हा मूलतः हवा ओढणारा पंप होय. पिस्टन खालीं गेला कीं सिलिंडरांत पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्याच दाबानें आंत शिरते. तिच्या प्रमाणांत पेट्रोल जळतें, आणि जेवढें जळतें तेवढाच जोर मिळतो. पेट्रोल अधिक सोडणें सोपें आहे. हवा अधिक घेणें कठीण. त्याचे मार्ग तीन. इंजिन मोठें करावें, किंवा तें अधिक जलद फिरवावें, किंवा हवा आधींच दाबून आंत कोंबावी. पहिल्या दोन मार्गांनीं जाणाऱ्या इंजिनास गॅरेजांतील कारागीर 'एन. ए.' म्हणतात, आपण त्यास स्वतःच्या दमावर चालणारें इंजिन म्हणूं. तिसऱ्या प्रकारांत धुराच्या वाटेवर एक लहानसें चक्र बसविलेलें असतें. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतानें तें मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरांकडे पाठवितें. हाच टर्बो.

एन. ए.चे अभिमानी म्हणतात कीं, टर्बोचा दम उसना असल्यामुळें त्याची जीत ही खरी जीत नव्हे. हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. टर्बो दुसऱ्याचें कांहीं घेत नाहीं. इंजिनानें जो उच्छ्वास वाऱ्यावर सोडून दिला असता तोच तो कामास लावतो. ताकाचीही कढी करणाऱ्या गृहिणीस कोणी उसनवारी करणारी म्हणत नाहींत. त्याचा खरा दोष निराळा आहे. धूर पुरेसा झाल्यावांचून चक्र फिरत नाहीं, आणि चक्र फिरल्यावांचून हवा वाढत नाहीं. म्हणून पाय दाबल्यावर जोर येईपर्यंत कांहीं काळ वाट पाहावी लागते. शिवाय आधींच दाबलेली हवा सिलिंडरांत अवेळीं पेटूं नये म्हणून अशा इंजिनाचा आंतला दाब मुळांत कमी ठेवावा लागतो, आणि त्यामुळें टर्बो जागा होईपर्यंत तें समान आकाराच्या एन. ए. इंजिनाहून दुबळेंच असतें.

या यंत्राचा जन्म शर्यतीसाठीं झाला नाहीं. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें, तें इंजिनाच्या धुरांतून वायां जाणारी शक्ति परत मिळविण्याच्या हेतूनें. पुढें विमानें उंच जाऊं लागलीं आणि विरळ हवेंत त्यांचीं इंजिनें गुदमरूं लागलीं, तेव्हां त्याची किंमत कळली. १९१८ सालीं अमेरिकेंतील सॅनफर्ड मॉस यांनीं 'लिबर्टी' नांवाचें विमानाचें इंजिन पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर नेऊन चालवून पाहिलें. समुद्रसपाटीवर सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर २३० वर उतरलें. टर्बो लावतांच तें पुन्हां साडेतीनशेंच्या वर गेलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानास आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या थंडरबोल्ट विमानास हेंच यंत्र होतें. सारांश, ज्या वस्तूबद्दल आज आमचे विद्यार्थी वाद घालतात ती त्यांच्या पणजोबांच्या काळच्या युद्धाची पुरवणी आहे.

ड्रॅग रेसची पट्टीही तशीच. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या सरळ, गुळगुळीत, लांबलचक धांवपट्ट्या जगभर पडून राहिल्या. त्याच काळीं कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या मोटारी दुरुस्त करून रस्त्यांवर शर्यती लावीत आणि मरत. १९५० सालीं तेथील सांता ॲना येथें विमानतळाच्या पट्टीवर तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षीं वॉली पार्क्स नांवाच्या एका मासिकाच्या संपादकानें नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापिली, आणि १९५३ सालीं पोमोना येथें तिची पहिली अधिकृत शर्यत स्थानिक पोलिसांच्या साहाय्यानें भरली. पोलीस शर्यत बंद करण्यास न येतां ती भरविण्यास आले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडांत पॉडिंग्टनच्या ज्या पट्टीवरून टर्बो लावलेलीं बी-१७ विमानें उडत असत तीच १९६६ सालीं 'सांता पॉड' या नांवानें ड्रॅग रेससाठीं उघडली. यंत्र युद्धाचें, जमीन युद्धाची. दोन्ही शांततेच्या काळांत मुलांच्या हातीं आलीं.

तिसरा धागा जपानचा. १९४५ नंतर विजेत्यांनीं त्या देशास विमानें बांधण्याची बंदी केली. ताचिकावा आणि नाकाजिमा या विमानाच्या कारखान्यांतील अभियंते मोटारींकडे वळले; त्यांच्या परंपरेंतून 'प्रिन्स' ही कंपनी झाली, १९५७ सालीं तिनें 'स्कायलाइन' ही मोटार काढली, आणि १९६६ सालीं ती निस्सानमध्यें विलीन झाली. १९६९ ची पहिली स्कायलाइन जी. टी.-आर. एन. ए. होती: दोन लिटरांचें, सहा सिलिंडरांचें, १६० अश्वशक्तीचें इंजिन. मग ही मंडळी टर्बोकडे कां वळलीं? कारण बव्हंशीं कराचें आहे. दोन लिटरांहून मोठ्या इंजिनावर जपानांत १९८९ पर्यंत जबर कर होता. मोठें इंजिन परवडत नाहीं, लहान इंजिनाचा जोर पुरत नाहीं, अशा कोंडींत १९७९ सालीं निस्साननें आपल्या प्रवासी मोटारीस टर्बो बसविला, आणि तोही इंधनाची बचत होते या युक्तिवादावर. होंडाचें घराणें निराळें. त्यांचा जन्म मोटारसायकलींतला; लहान इंजिन अतिशय जलद फिरवून जोर काढणें ही त्यांची विद्या. १९८८ सालीं फॉर्म्युला वनच्या १६ पैकीं १५ शर्यती होंडाच्या टर्बो इंजिनानें जिंकल्या. पुढच्या वर्षीं तेथें टर्बोस बंदी झाली, तरी एन. ए. इंजिन घेऊन होंडाच पुन्हां जिंकली. ज्यास दोन्ही विद्या येतात त्यानें विकण्यासाठीं मात्र एक निवडली, यांत आवड दिसते, असमर्थता नव्हे.

१९८९ हें वर्ष या इतिहासाचा कणा होय. त्या वर्षीं निस्साननें नवी जी. टी.-आर. काढली: २५६८ घन सेंटिमीटरचें इंजिन आणि दोन टर्बो. त्याच वर्षीं होंडानें 'व्हीटेक' ही झडपांची युक्ति आणून १.६ लिटरांच्या एन. ए. इंजिनांतून १६० अश्वशक्ति काढल्या. आणि त्याच सुमारास जपानी कंपन्यांनीं आपसांत ठरविलें कीं, कोणीही २८० अश्वशक्तीहून अधिक आंकडा जाहीर करावयाचा नाहीं. हा संकेत २००४ पर्यंत पाळला गेला. १९९० ची होंडा एन. एस. एक्स. तीन लिटरांची, एन. ए. आणि वजनानें हलकी. निस्सान टर्बोची, जड आणि चारही चाकांनीं जोर लावणारी. कागदावर दोघींचे आंकडे एकच, २८०. पाव मैलावर दोघी चौदा सेकंदांच्या किंचित् अल्याड-पल्याड. तेव्हां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर असें कीं, कारखान्यांतून निघालेल्या समबळ मोटारींत टर्बो आहे एवढ्यानेंच कोणी पुढें जात नाहीं.

परंतु तुलना चोख करावयाची तर अंग एकच आणि दम निराळा, अशी जोडी हवी. ती १९९३ च्या टोयोटा सुप्रानें दिली. तेंच अंग, तेंच २९९७ घन सेंटिमीटरचें सहा सिलिंडरांचें इंजिन; एका प्रकारांत टर्बो नाहीं, दुसऱ्यांत दोन. टर्बो नसलेल्यांत आंतील दाबाचें प्रमाण दहास एक, टर्बोच्यांत साडेआठास एक. अमेरिकेंत विकलेल्या गाड्यांचें सामर्थ्य अनुक्रमें २२० व ३२० अश्वशक्ति. त्या काळच्या चाचण्यांत पहिलीस पाव मैलास सुमारें पंधरा सेकंद लागले, दुसरीस सुमारें साडेतेरा. वाचकांस वाटेल कीं, जोर जवळजवळ दीडपट झाला आणि लाभ केवळ दीड सेकंदाचा! पण येथें एक स्थूल नियम आहे: लागणारा वेळ हा वजनास सामर्थ्यानें भागून येणाऱ्या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे सामर्थ्य दुप्पट केलें तरी वेळ निम्मा होत नाहीं. सुमारें एक-पंचमांशानेंच घटतो. टर्बोच्या वाढीव वजनासह हा हिशेब मांडला म्हणजे उत्तर साडेतेराच्याच जवळ येतें.

शर्यतीच्या शेवटीं हातीं पडणाऱ्या चिठ्ठीवर मुख्य आंकडे दोन असतात: लागलेला वेळ आणि पट्टीच्या टोकावरील वेग. नवखे लोक पहिलाच वाचतात. वेळ हा सुटण्याच्या क्षणावर, टायरच्या पकडीवर आणि चालकाच्या पायावर पुष्कळ अवलंबून असतो. टोकावरचा वेग मात्र इंजिनाचें खरें बळ सांगतो. टर्बोची गाडी सुटतांना क्षणभर रेंगाळली तरी टोकावर तिचा वेग अधिक असतो, एन. ए. गाडी पायाचें म्हणणें तत्काळ ऐकते, म्हणून सुटतांना फसत नाहीं. आणि कारखान्याची मर्यादा सोडून कारागिरांच्या हातीं गाडी गेली कीं तुलनाच संपते. एन. ए. इंजिनांतून आणखी दहा अश्वशक्ति काढण्यास महिना जातो, जी. टी.-आर. किंवा सुप्राच्या ओतीव लोखंडी इंजिनांत हवेचा दाब वाढविला कीं बळ दुप्पट होतें. अशा कसलेल्या स्कायलाइन मोटारींनीं पाव मैल आठ सेकंदांच्या आंत काटला आहे. पट्टीवर अखेरीस टर्बो जिंकतो तो याच कारणानें: त्याच्यांत वाढीस जागा असते.

आतां आपल्याकडे येऊं. येथील मध्यमवर्गीय तरुणास जपानी वेगाची पहिली चव लागली ती १९९८ मध्यें आलेल्या मित्सुबिशी लान्सरची आणि २००० च्या सुमारास आलेल्या, शंभराहून किंचित् अधिक अश्वशक्तीच्या होंडा सिटी व्हीटेकची. दोन्ही एन. ए. पुढें २००६ पासून १२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या लहान पेट्रोल मोटारींवर कमी कर आकारला जाऊं लागला, आणि जपानांत जें झालें तेंच येथें झालें: सुझुकीचें एक लिटरचें टर्बो इंजिन २०१७ सालीं बलेनोंत आलें. शर्यतींसाठीं पट्टी मिळाली तीही विमानांचीच. मद्रासजवळील शोलावरमची युद्धकालीन धांवपट्टी कित्येक दशकें मोटार-शर्यतींचें माहेर होती. आणि २०१० नंतरच्या दशकांत लोणावळ्यापलीकडील ॲम्बी व्हॅलीच्या धांवपट्टीवर 'व्हॅली रन' नांवाच्या ड्रॅग शर्यती भरल्या. ती पट्टी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. सहा-सातशें मीटर उंचीवर हवा सहा-सात टक्के विरळ होते, आणि एन. ए. इंजिनाचें बळही तेवढेंच ओसरतें. टर्बो मात्र चक्र थोडें अधिक फिरवून ती तूट बव्हंशीं भरून काढतो. पाइक्स पीकचा धडा लहान प्रमाणांत घाटमाथ्यावरही लागू पडतो. वैशाखांतील चाळीस अंशांची बदलापूरची हवाही थंड हवेहून तितकीच पातळ असते. म्हणून एके ठिकाणचा आंकडा दुसऱ्या ठिकाणच्या आंकड्याशीं ताडून पाहूं नये; दोन्ही गाड्या एकाच पट्टीवर, एकाच दिवशीं, एकाच हवेंत धांवल्या तरच त्या निकालास अर्थ आहे.

आणि येथें आमच्या दारांतली गोष्ट येते. युद्धाची धांवपट्टी आमच्याकडेही आहे. उल्हासनगर ही वसाहतच मुळांत युद्धकालीन कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं वसविली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं तिची कोनशिला बसविली. छावणीचें गांव झालें. त्याच युद्धांत जवळच, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळी येथें विमानांच्या धांवपट्टीसाठीं आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची सोळाशें एकरांहून अधिक जमीन सरकारनें घेतली होती. तिचें मात्र अद्याप कांहींच झालें नाहीं. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळावयाची होती, असें शेतकऱ्यांचें म्हणणें. जमीन संरक्षण खात्याची, असें सरकारचें. २०१७ सालीं नौदलानें तेथें भिंत घालण्यास आरंभ केला, तेव्हां २२ जून रोजीं आंदोलन पेटलें; गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले.

त्या मोकळ्या पट्टीकडे पाहून पोमोनाचें किंवा सांता पॉडचें स्वप्न पाहणें सोपें आहे. आम्हांसही क्षणभर तो मोह झाला. परंतु इतिहासाच्या शिक्षकास तो शोभणारा नव्हे. जी जमीन भाताच्या खाचरांतून उचलली गेली आणि जिचा हिशेब तीन पिढ्या मिटला नाहीं, तिच्यावर दुसऱ्यांच्या मुलांनीं मोटारी पळवाव्या, हें म्हणणें त्या पहिल्या अन्यायावर दुसरा रचणें होय. पॉडिंग्टनची पट्टी खेळासाठीं मोकळी झाली, कारण तिचें युद्ध संपलें होतें. नेवाळीच्या पट्टीचें युद्ध अजून संपलें नाहीं. सात-बाऱ्यावरची मोजणी आधीं. पाव मैलाची मोजणी मागाहून.

परंतु म्हणून पाव मैलाची मागणी खोटी ठरत नाहीं. बैलगाडीच्या शर्यतीचें उदाहरण ताजें आहे. ती बंद असतांना तिची हौस मेली नाहीं. आणि आतां परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि मोजलेली पट्टी यांच्या बंधनांत ती भरविण्याची वाट कायद्यानें दाखविली आहे. बैलांच्या बाबतींत जें शहाणपण आपल्यास सुचलें तें मुलांच्या बाबतींत सुचूं नये, हें नवल नव्हे काय? जिल्ह्यांत वाद नसलेली सरळ जमीन पाव मैल, आणि गाडी थांबविण्यास तिच्यापुढें तितकीच मोकळी, एवढीच ही गरज आहे. वर्षांतून चार रविवार, दोन रुग्णवाहिका आणि एक घड्याळ. पोमोनाच्या पोलिसांनीं सत्तर वर्षांपूर्वीं जें ओळखलें तें आमच्या नगरपालिकांस ओळखतां येणार नाहीं, असें आम्ही मानीत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें. त्यानें घनमुळाचा हिशेब स्वतः करून पाहिला, आणि त्या रात्रीं आपण केवढ्या फरकानें हरावयास हवे होतों हें काढलें: दोन्ही गाड्यांच्या कागदांवरील आंकड्यांवरून उत्तर आलें अर्ध्या सेकंदाहून थोडें कमी. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. "पण सर," तो म्हणाला, "त्या रात्रीं कोणीच वेळ घेतला नव्हता. कोण जिंकलें तेंही अजून ठरलेलें नाहीं."

कुबडी भिंतीस टेकून उभी होती. आम्हीं त्यास उपदेश केला नाहीं. कागदाची घडी करून ती त्याच्या वहींत ठेवावयास तेवढें सांगितलें.